हुशार कुत्रं म्हणजे सोपं कुत्रं? 'त्या' मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. गल्लीच्या, पोरांच्या शाळेच्या, सकाळी रंकाळ्यावर फिरणाऱ्यांच्या आणि शेवटी घरच्या. वर काळं-पांढरं, झुपकेदार शेपटीचं पिल्लू. खाली मजकूर असा: बॉर्डर कॉली हे जगातलं सगळ्यात हुशार कुत्रं, त्याला हजार शब्द कळतात, त्यामुळं नवख्यालाही पाळायला सोपं, टेरेस असली की फिरवायची कटकट नाही, उन्हाळ्यात केस भादरले की झालं, मेंढपाळाचं कुत्रं, त्यामुळं आपल्या धनगरी कुत्र्यासारखं काटक आणि पोरांची राखण करणारं, घरातलं उरलंसुरलं खातं. शेवटी, 'दीड महिन्याची पिल्लं तयार, लवकर बुक करा.' त्याखाली माझ्या मामेभावानं लिहिलं होतं, "दादा, बुक करून टाकू का?"

माझ्याकडं याच जातीची चिमी पाच वर्षं आहे. तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

हुशारीची गोष्ट खोटी नाही. स्टॅन्ले कोरेन या मानसशास्त्रज्ञानं 1994 मध्ये जातींची क्रमवारी लावली, त्यात बॉर्डर कॉली पहिली. पण ती लावली कशावरून? आज्ञापालनाच्या स्पर्धांच्या सुमारे 200 परीक्षकांच्या मतांवरून. म्हणजे कुत्रं किती लवकर शिकतं याचं ते माप आहे, घरात किती निवांत बसतं याचं नाही. आणि हजार शब्दांचं म्हणाल तर ती कुत्री अमेरिकेतली, नाव चेसर. 1,022 खेळणी ती नावानं ओळखायची, 2011 मध्ये त्यावर शोधनिबंध आला. मेसेज लिहिणाऱ्यानं एवढंच गाळलं, की तिचे मालक जॉन पिली हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आणि ते तिला रोज चार-पाच तास, तब्बल तीन वर्षं शिकवत होते. आपल्याकडं कुणाला आहे एवढा वेळ?

लवकर शिकतं म्हणजे नको तेही लवकर शिकतं. आईनं भाकरी थापताना चिमीला दोन दिवस एकेक तुकडा टाकला. तिसऱ्या दिवसापासून परातीत पहिली थाप पडली की ही चौकटीत हजर, आणि तुकडा मिळेपर्यंत एक सुरात भुंकणं. ते मोडायला आम्हाला दीड महिना लागला, तोही आईला शपथ घातल्यावर.

आता टेरेस. ही जात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरात घडली. 1893 साली जन्मलेला ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा तिचा मूळपुरुष मानतात. मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगरूप पाहिलं नाही, काम पाहिलं. दिवसभर कळपामागं राहूनही संध्याकाळी शिट्टी वाजली की उठणारं कुत्रं त्यांनी पुढं वाढवलं. अशा कुत्र्याला टेरेसवर सोडलं की ते व्यायाम करतं ही आपली समजूत. चिमीला आम्हीही पहिले सहा महिने असंच सोडायचो. ती कठड्याच्या कडेनं खालच्या प्रत्येक मोटरसायकलबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायची. कोबा तापला तरी थांबायची नाही. एकदा पंजाच्या गाद्या सोलवटून रक्ताचे ठसे उठले, तेव्हा आमच्या लक्षात आलं. घराबाहेर रस्त्यावर तर आणखी भानगड, कारण हलणारी प्रत्येक गोष्ट तिला वळवायची असते आणि केएमटीची बस काही वळत नाही. दोरीशिवाय रस्त्यावर न्यायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम.

मग नुसतं पळवायचं का? तिथंही फसगत आहे. कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको: पैलवानाकडून रोज मेहनत करून घेतली तर तो थकत नाही, त्याचा दम वाढतो. आम्ही चिमीला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास पळवलं आणि दोन महिन्यांत तीन तासांनीही न दमणारं कुत्रं तयार केलं. आता सकाळी साडेपाचला कळंब्याच्या बाजूला एक तास, संध्याकाळी तेवढंच, आणि मध्ये दोनदा पंधरा मिनिटं डोक्याचं काम. माझा जुना मोजा घरात लपवायचा, तिनं हुंगून शोधायचा. कधी तांदळाच्या डब्यामागं, कधी शिलाई मशीनच्या पायडलखाली. त्या पंधरा मिनिटांनी ती जशी आडवी होते तशी तासभर पळूनही होत नाही. आणि 'जागेवर' म्हटलं की गप्प पडून राहायचं, हेही शिकवावं लागलं. आराम करणं या कुत्र्याला उपजत येत नाही.

मेसेजातलं सगळ्यात घातक वाक्य केसांचं. या कुत्र्याला दोन थर असतात, वर लांब राठ केस आणि आत दाट मऊ लव. माणसासारखा अंगभर घाम त्याला येत नाही; उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः धापा टाकून. नीट विंचरलेल्या केसांतून हवा खेळते आणि वरचा थर ऊन अडवतो. वस्तऱ्यानं भादरलं की ऊन थेट कातडीवर येतं, आणि केस पुन्हा उगवतात ते पुष्कळदा वेडेवाकडे, आतली लव आधी आणि वरचा थर मागून.

खरं काम भादरण्याचं नाही, विंचरण्याचं आहे, आणि ते कंटाळवाणं आहे. आठवड्यातून तीनदा, केस झडायच्या दिवसांत रोज. वरवर ब्रश फिरवला तर केस चमकतात आणि आत जट बसते. चिमीच्या कानामागं पहिल्या पावसाळ्यात सुपारीएवढी झाली होती. बोटानं चाचपली तेव्हा कळली, खालची कातडी ओली, लाल आणि वास मारणारी. आपल्याकडचा पावसाळा या कुत्र्याला उन्हाळ्यापेक्षा जड जातो असं माझं मत झालंय. आतली लव दिवसभर वाळतच नाही आणि दमट हवेत धापा टाकूनही अंग थंड होत नाही. पावसाळा संपला की कुसळं. पन्हाळ्याच्या बाजूला गवतातून फिरवून आणलं तर बोटांच्या बेचक्या, काखा, कान तपासल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. कुसळ कातडीत शिरलं की पुढंच सरकतं, मागं येत नाही.

उन्हाळ्यात आमचा नियम साधा. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवायची. आपल्याला सोसलं नाही, तर तिलाही नेत नाही.

धनगरी कुत्र्याशी केलेली तुलना वाचून मी हसलो. ऊस तुटल्यावर रानात मेंढरं बसवायला धनगर येतात, तेव्हा त्यांची कुत्री जरा बघा. दिवसा गाडग्या-मडक्यांजवळ पडलेली, रात्री लांडग्याच्या आणि चोराच्या वाटेवर. ते राखणदार. मेंढरं हाकतो तो धनगर स्वतः, तोंडानं आवाज काढून. बॉर्डर कॉलीचं काम उलटं, राखायचं नाही, हाकायचं. डोकं खाली, नजर रोखून, दबकत पुढं जायचं आणि कळप वळवायचा. ही शिकारीचीच चाल आहे, फक्त शेवटचा चावा वगळलेली. तो वगळला जातो मेंढरांच्या बाबतीत, शिकवल्यावर. दिवाळीला भाचरं अंगणात पळायला लागली तेव्हा चिमीनं पाचही जणांना गोल फिरून तुळशीच्या कोपऱ्यात कोंडलं, आणि सगळ्यात लहानी निसटायला लागली तशी तिच्या टाचेला दात लावले. कातडी फाटली नाही, पण पोरगी रडून लाल. याला राखण म्हणायचं?

उरल्यासुरल्या जेवणाचं एका वाक्यात: आपल्या रश्शात आणि चटणीत कांदा-लसूण असतं, आणि ते कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतं. गोचिडांसाठी जनावरांचं आयव्हरमेक्टिन कुणी सुचवेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. कॉली घराण्यातल्या काही कुत्र्यांत एमडीआर1 या जनुकात दोष असतो, आणि जास्त मात्रेत ते औषध त्यांच्या मेंदूत उतरतं. लांब केसांच्या रफ कॉलीत हा दोष फार आढळतो, बॉर्डर कॉलीत कमी. पण तपासणी केल्याशिवाय आपलं कुत्रं कुठल्या बाजूचं हे कळत नाही.

राहिलं शेवटचं, 'दीड महिन्याची पिल्लं तयार'. 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि पिल्लं विकणाऱ्याची नोंदणी असावी लागते. दीड महिना म्हणजे सहा आठवडे. मामेभावाला मी हेच लिहिलं: आधी नोंदणी क्रमांक माग, मग पिल्लाची आई दाखवा म्हण, आणि तिचे डोळे तपासलेत का विचार.

रात्री त्याचा मेसेज आला. "नंबर मागितला दादा. त्यानं मला ब्लॉक केलं."