उरलेल्या जागेत गोल्फ

गेल्या महिन्यात पेडण्यातल्या एका सड्याचा कंटूर प्लॅन (जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा) माझ्या टेबलावर आला. मी मडगावला लेआउटची ड्रॉइंग्ज करतो, आणि चार वर्षं गोल्फ शिकतोय (अजून शिकतोयच). शेठनी लाल पेनाने व्हिलांचे प्लॉट आधीच आखून आणले होते. समुद्र दिसतो ती सगळी कड त्यात गेली. मग म्हणाले, "उरलेल्यात नऊ होल बसव रे." (होल म्हणजे नुसतं भोक नव्हे, पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचा अख्खा पट्टा.) उरलं होतं काय, तर पावसाच्या पाण्याची घळ आणि चिऱ्यांची जुनी खाण.

घोळ इथेच होतो. विकणाऱ्याला फेअरवे, म्हणजे होलमधला कापलेल्या गवताचा पट्टा, एकेकटा आणि लांब हवा, म्हणजे दोन्ही बाजूंना "गोल्फ व्ह्यू" विकता येतो. दोन फेअरवे शेजारी टाकले तर मधली बाजू फुकट गेली ना! पण चेंडू कुणाच्या काचेवर जाऊ नये म्हणून मध्यरेषेपासून घरांची हद्द ५०-६० मीटर तरी लांब लागते. ३५० मीटरच्या एका होलला चारेक हेक्टर झाले. जागा कमी पडली की पहिली कात्री ह्याच अंतराला. मग दोन्हीकडे पांढऱ्या खुंट्या, आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे त्यापलीकडे कोर्सची हद्द संपली. माझ्यासारख्याचा स्लाइस, म्हणजे वळत जाणारा फटका, उजवीकडे जाणारच, चेंडू कुणाच्या तरी तुळशीपाशी, एक फटका दंड आणि परत आधी मारला तिथूनच मारा. वारा बघून बाजूने वळवून न्यायची सोयच नाही, नाकासमोर मारायचं. शिवाय ग्रीन (भोकाभोवतीची बारीक हिरवळ) संपलं की पुढच्या टीपर्यंत (पहिला फटका मारायची जागा) दोन गल्ल्या ओलांडायच्या. चालणं संपलं, कार्ट आली.

घरं जवळ असली म्हणून कोर्स बिघडतो असं नाही हां. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स गावाला खेटून आहे. तिथे १४ होल मिळून सातच ग्रीन: दुसऱ्याचं सोळाव्याबरोबर, तिसऱ्याचं पंधराव्याबरोबर, बेरीज दरवेळी १८. गाव कडेला राहिलं, होलांच्या मध्ये घुसलं नाही. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला तर प्लॉटच विकायचे होते. तरी तिथली जमीन विकसित करणाऱ्या सॅम्युएल मॉर्सने समुद्राची बरीचशी कड गोल्फला दिली, घरं मागे सरकवली. १९१९ साली कोर्स उघडला. मागचे प्लॉट काय पडून राहिले?

गोव्यात गोल्फ हवाच का, हा वेगळा वाद. तो पेडण्यातल्याच तेरेखोलच्या लोकांनी तिथल्या गोल्फ रिसॉर्टला विरोध करून घातलाय, आणि पाण्याच्या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूचा. पण करायचाच तर जागेच्या मापाचा करा. दक्षिण गोव्यात मोबोरला हॉटेलच्या आवारात १२ होलांचा पार-३ (तीन फटक्यांत संपवायच्या छोट्या होलांचा) कोर्स केला होताच की.

मी शेठना दुसरी शीट काढून दिली. सहाच होल, त्यातले तीन कडेवर, घरं मागच्या चढावर. म्हटलं, "पात्रांव, मागूनसुद्धा समुद्र दिसतो, चढ आहे." त्यांनी चष्मा लावला, पेनाचं टोक टेकवत कडेचे प्लॉट मोजले. "अकरा गेले," म्हणाले, आणि पहिली शीट गुंडाळून काखेत मारली.