शांततेचे चोवीस रंग

रक्तदाब जरा वर सरकला की नातेवाइकांना सल्ल्यांची उबळ येते. कोणी सोमेश्वरपर्यंत पायी जायला सांगितलं, कोणी मेथीचं पाणी प्यायला. भाचीने थेट वस्तूच हातात ठेवली. मोठ्यांसाठीचं रंगवायचं पुस्तक आणि चोवीस रंगीत पेन्सिली.

"मामा, डोकं शांत होतं. फक्त रेघेच्या आत रंग भरायचा."

भाची अभ्यासू. २०१३ साली स्कॉटलंडच्या जोहाना बॅसफर्ड यांचं बागेच्या चित्रांचं पुस्तक आलं आणि पुढे जगभरची मोठी माणसं रंगपेट्या घेऊन बसली, हे तिनेच सांगितलं. २००५ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला होता म्हणे. विद्यार्थ्यांना आधी थोडं घाबरवलं, मग वीस मिनिटं रंगवायला बसवलं. मंडल (म्हणजे गोल नक्षी) किंवा चौकडी रंगवणारे कोऱ्या कागदावाल्यांपेक्षा जास्त निवांत झाले. असतील. त्यांच्या खुर्चीमागे घरची माणसं उभी नव्हती.

"अहो, पान निळं कुठे असतं?" ही सुरुवात. दारापुढे रोज रांगोळी काढणाऱ्या बाईशी रंगांवर वाद घालू नये, एवढं शहाणपण मला आहे. मी हिरवी पेन्सिल उचलली. तेवढ्यात आई म्हणाली, "चौथीत चित्रकलेच्या तासाला पळून जायचा, आता बघा." शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि हलक्या आवाजात हिला विचारून गेल्या, "भाऊंची नोकरी आहे ना अजून?"

त्यातून ते मंडल. एक पाकळी गुलाबी, एक केशरी असं ठरवून आधी पाकळ्या मोजल्या, तर निघाल्या सतरा. म्हणजे काहीही करा, दोन गुलाबी एकमेकींना चिकटणारच. मन शांत करायला निघालेल्या चित्रकाराने विषम पाकळ्या का काढाव्यात? त्या रात्री मला झोप आली नाही.

नाशिककराला ही बारीक कामं मानवत नाहीत. आमचा रंगाशी संबंध रंगपंचमीचा. पेशव्यांच्या काळापासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद, वर्षभर बुजवलेल्या, त्या दिवसापुरत्या उघडतात. प्रत्येकीचा रंग ठरलेला. आपण फक्त आत धप्पा मारायचा, म्हणजे उडी! गुलाबी की केशरी हा घोळ नाही, रेघेच्या आत राहायचंही नाही, कारण रेघच नाही. बाहेर आलेल्या माणसाचं डोकं किती शांत असतं, ते एकदा मोजा कोणीतरी.

पेन्सिलींचा छळ निराळा. मऊ, मेणाच्या शिशाच्या. एकदा खाली पडली की आतल्या आत तुकडे होतात. मग टोक करा, टोक गळतं. पुन्हा करा, पुन्हा गळतं. शेवटी हातात उरतं बोटभर लाकूड. शिवाय पुस्तक बागेचं, त्यामुळे हिरवी अंगठ्याएवढी झाली आणि जांभळी अजून नवी कोरी.

मेन रोडवरच्या दुकानात सुटी हिरवी मागितली.

"सुटी नाही मिळत. मुलगा कितवीत आहे?"

"मलाच हवीय."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं आणि मापात घेतलं. "मग साहेब, हे पुस्तक न्या. पानाफुलांची कटकटच नाही, नुसती मंदिरं."

काळारामाच्या शेजारी जन्म काढलेला माणूस मी. आधी काळी पेन्सिल सुटी मिळते का, ते विचारलं.