निवड आधी करा, मुलाखती मग घ्या

स्वयंसेवी संस्थेत माणूस नेमायची वेळ आली की नवखे संस्थाचालक भांबावतात. जाहिरात कशी द्यावी, कोणाला बोलवावं, काय विचारावं, काही सुचत नाही. त्यांच्यासाठी ठाणे-नवी मुंबईतल्या मुरलेल्या संस्थांच्या अनुभवातून वेचलेल्या या काही सूचना. गेल्या महिन्यात ठाण्यातल्याच एका संस्थेनं मला निवड समितीवर ‘बाहेरच्या तज्ज्ञ’ म्हणून बसवलं होतं. तिथे यातल्या बहुतेक सूचना डोळ्यांनी पाहता आल्या. इतकं ज्ञान एकटीनं पोटात ठेवणं प्रकृतीला बरं नाही.

पहिलं म्हणजे, माणूस आधी ठरवा. विश्वस्तांच्या भाचीला परदेशी शिकायला जाण्याआधी वर्षभर ‘सोशल सेक्टर’चा अनुभव हवाच असतो. ती ठरली की जाहिरात तिच्या मापानं बेता. तिला स्कूटर येत नसेल तर ‘दुचाकी आवश्यक’ ही ओळ काढा. ती फ्रेंच शिकली असेल तर ‘परदेशी भाषा येत असल्यास प्राधान्य’ ही ओळ घाला. शहापूरच्या पाड्यावर फ्रेंच कधी लागेल, सांगता येत नाही.

पगाराचा आकडा छापू नका. ‘मानधन योग्यतेनुसार’ एवढं पुरे. उमेदवाराकडून मात्र मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा घ्या, योग्यता त्यातच कळते. आधीच्या संस्थेनं बारा हजारांत राबवलं असेल तर आपण तेरा दिले की उपकार.

‘आमच्याकडे सगळे एका कुटुंबासारखे राहतात’ हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका. पीएफचं नंतर बघू.

अर्ज चाळताना नजर आधी आडनावावर आणि मग पत्त्यावर जाऊ द्या. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले, तर दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. पण तो अभ्यास खासगी कंपन्यांचा. आपण संस्थावाले, आपण भेदभाव करत नाही, आपण भेदभावावर कार्यशाळा घेतो. आपण फक्त ‘फिट’ बघतो. पत्ता श्रीमंतांच्या पाम बीच रोडचा असला की आपल्याला ‘लीडरशिप पोटेन्शियल’ दिसतं. तोच दिघ्याचा किंवा तुर्भे स्टोअरचा असला की आपण प्रेमानं म्हणतो, ‘अरे वा, वस्तीतलाच मुलगा आहे, व्हॉलंटिअर म्हणून घेऊ या.’

मुस्लिमबहुल मुंब्र्याचा असला तर ‘कळवतो’ म्हणायचं.

बाईमाणूस समोर असेल तर लग्नाचं विचारा. लग्न झालं असेल तर ‘पुढचं काही प्लॅनिंग?’ असं हसत हसत विचारा. 2017 पासून मातृत्वाची रजा 26 आठवड्यांची झाली, तिची पोस्टरं आपणच वस्तीत चिकटवतो. त्यामुळे धोका किती मोठा आहे हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आपण घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तर उमेदवारानं थांबायचं. उमेदवार घोडबंदरला अडकला तर वक्तशीरपणाचे गुण कापायचे.

‘छोटीशी असाइनमेंट’ द्या. सोमवारपर्यंत दहा पानी प्रस्ताव, बजेटसकट. निवड कोणाचीही होवो, प्रस्ताव आपल्याकडे राहतोच.

आता स्वयंसेवकांबद्दल. कंपनी कायदा 2013 चा, मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला द्यायची ‘सीएसआर’ची तरतूद त्यातच आली, आणि तेव्हापासून ऐरोलीच्या आयटी पार्कमधून शनिवारी बस भरून माणसं येतात. त्यांना काही विचारू नका. एकेकाला ब्रश द्या आणि शाळेची तीच भिंत दाखवा. आमच्याकडच्या एका शाळेच्या भिंतीवर आता सिमेंटपेक्षा रंग जास्त आहे. मग मुलांना मधे उभं करून फोटो काढा. याउलट लोकमान्यनगरचा एखादा पोरगा रोज संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना गणित शिकवतो म्हणाला, तर त्याच्याकडून आधार, पोलीस पडताळणी, दोन ओळखीच्यांची पत्रं आणि ‘मला हे काम का करावंसं वाटतं’ यावर निबंध घ्या. कॉलेजातला एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) विद्यार्थी वर्षाचे 120 तास भरून घ्यायला आला, तर त्याला एक्सेलमध्ये बिलं चढवायला बसवा. समाजाची नाडी तिथेच कळते.

पडताळणी नको असं मी म्हणत नाही. मुलांजवळ जाणाऱ्या प्रत्येक माणसाची चौकशी झालीच पाहिजे. पोक्सो कायदा 2012 सालचा आहे, आणि तो सूट-बूट पाहून लागू होत नाही. लोकमान्यनगरच्या पोराची कागदपत्रं बघता तशी बसमधून उतरणाऱ्यांचीही बघा. निदान त्यांना मुलांसोबत एकटं सोडू नका. पण ‘चांगल्या घरची माणसं आहेत हो’ म्हटलं की आपली चौकशी संपते. हे उपरोधानं लिहायला घेतलं होतं, जमलं नाही. असो, पुढे जाऊ.

मुलाखत. इथे खरं कौशल्य लागतं, त्यामुळे थोडं विस्तारानं सांगते.

मुलाखतीला सगळ्यांना सकाळी दहाची वेळ द्या. राम मारुती रोडच्या आसपास दुसऱ्या मजल्यावर आपलं ऑफिस असतं. आत एसी, बाहेर जिन्याच्या वळणावर प्लास्टिकच्या खुर्च्या. गेल्या महिन्यातल्या त्या मुलाखतींच्या दिवशी अशाच खुर्चीवर मुरबाडच्या पुढच्या एका गावातली मुलगी बसली होती. मुरबाडला रेल्वे नाही. पहाटेची एसटी धरून कल्याण, तिथून गर्दीच्या लोकलनं ठाणे, असं करून ती दहाला हजर होती. तिला आत बोलावलं ते आमचं जेवण झाल्यावर. तिचा डबा पिशवीत तसाच होता, कारण मधेच नाव पुकारलं तर काय, म्हणून तिनं तो उघडलाच नव्हता.

पद होतं फील्ड कोऑर्डिनेटरचं. काम काय, तर शहापूर-मुरबाड-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली मुलं शाळेत टिकवणं. पहिला प्रश्न आला, ‘टेल अस समथिंग अबाउट युअरसेल्फ.’ ती म्हणाली, ‘मराठीत सांगितलं तर चालेल का?’ संचालिका बाई फार मोकळ्या मनाच्या. म्हणाल्या, ‘अगं हो हो, बी कम्फर्टेबल.’ आणि पुढचा प्रश्न पुन्हा इंग्रजीत.

मग ती बोलली. म्हणाली, ‘दिवाळी झाली की लोक उचल घेतलेल्या मालकाकडे जातात ते पाऊस जवळ येईपर्यंत. मूल पटावर असतं, वर्गात नसतं. मी दिवाळीच्या आधीच मुकादमांचे नंबर घेऊन ठेवते, कोणतं घर कोणत्या भट्टीवर जाणार ते लिहून घेते. गुरुजींकडून शिक्षण हमी पत्रक भरून घेते, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत मूल बसवताना तोंडी वाद घालावा लागत नाही. भट्टीवर दुपारी जाऊन उपयोग नसतो, माणसं पहाटेपासून विटा पाडून दमलेली असतात. आणि मोठी मुलगी शाळेत यायला हवी असेल तर तिच्या कडेवरच्यालाही वर्गात बसू द्यावं लागतं. नाहीतर तीही येत नाही.’

मी इतकी वर्षं या कामात आहे. या विषयावरचे सल्लागारांचे गुळगुळीत कागदावरचे अहवाल वाचलेत, त्यात कडेवरचं मूल मला सापडलेलं नाही. कंपनीचा जो माणूस समितीवर होता, त्यानं मोबाइलमधून मान वर केली आणि विचारलं, ‘ओके, बट व्हॉट इज युअर थिअरी ऑफ चेंज?’

अहो, बदल कसा घडवणार, हेच ना आत्ता सांगितलं तिनं?

तिच्या कागदावर शेरा पडला: ‘कम्युनिकेशन वीक.’ कोणाशी कम्युनिकेशन? भट्टीवरचा मुकादम इंग्रजीत बोलतो? कातकरी आई पॉवरपॉइंट मागते? ‘प्रेझेंटेबल’ नावाचा एक रकाना होता. त्यात दहापैकी तीन. तीन का, हे मी विचारलं. उत्तर आलं, ‘ओव्हरऑल.’

तिच्यानंतरची मुलगी विश्वस्तांच्या ओळखीतली. तिला वेळ वेगळी दिली होती, त्यामुळे जिन्यावर बसावं लागलं नाही. तिला विचारलेले प्रश्नही वेगळे. आवडता प्रवास कोणता, आयुष्यात प्रेरणा कोणाची. तिनं आम्हालाच विचारलं, ‘मुरबाड कसारा लाइनवर येतं ना?’ सगळे कौतुकानं हसले. ‘शी विल लर्न,’ संचालिका म्हणाल्या.

मुलगी चांगली होती. हुशार होती, नम्र होती, तिच्यावर माझा काडीचा राग नाही, आणि ती शिकेलही. पण ‘शिकेल की’ ही सवलत एकीलाच का? मुरबाड कुठे आहे हे जिला माहीत नाही, ती शिकेल. मुरबाड जिला तळहातासारखं पाठ आहे, ती दोन-चार महिन्यांत ईमेल लिहायला शिकेल, असं त्या खोलीत कोणाच्याही मनात आलं नाही. एकीच्या अडाणीपणाला ‘फ्रेशनेस’ म्हणायचं आणि दुसरीच्या अडचणीला ‘वीक’. आपला तो बाब्या, दुसरं काय.

बेरीज झाली. माझ्या कागदावर मुरबाडची मुलगी सगळ्यात वर होती. त्यामुळे एकूण बेरजेतही ती वर आली. थोडी शांतता पसरली. मग एक्सेल उघडून कोणीतरी म्हणालं, ‘थोडं नॉर्मलाइज करू या का?’ सूचना म्हणून हे जरूर लिहून घ्या. बेरीज मनासारखी येत नसेल तर ती नॉर्मलाइज करतात.

तेवढ्यात हिशेबनिसानं दारातून डोकं आत घातलं. ‘मॅडम, त्या नव्या ताईंचं आयकार्ड परवाच छापून आलंय. आत्ताच देऊ का?’

निळ्या पट्टीचं, फोटोसकट. परवाच.

मग आम्ही सकाळपासून काय करत होतो? ती मुलगी उपाशी जिन्यावर का बसली होती? तर निधी देणाऱ्याच्या फाइलमध्ये ‘पारदर्शक निवड प्रक्रिया’ नावाचा कागद लागतो आणि त्यावर बाहेरच्या एका माणसाची सही लागते. पाच उमेदवारांचा दिवस त्या सहीसाठी खर्ची पडला.

आता सूचना पुरे, सरळच बोलते.

पैसे नाहीत हे मला शिकवू नका. परदेशी निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा त्या निधीच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनं 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. सीएसआरवाल्यांना दप्तरं द्यायची असतात, दप्तरं वाटणाऱ्या माणसाचा पगार द्यायचा नसतो. हे सगळं मीही भोगलंय. पण मी जे मागते आहे त्याला दमडी लागत नाही. कामाला काय काय यायला हवं ते जाहिरातीआधी कागदावर लिहा. सगळ्यांना तेच प्रश्न विचारा, तेवढाच वेळ द्या. काम मराठीत असेल तर प्रश्न मराठीत विचारा. वीटभट्टीचं काम असेल तर वीटभट्टीचं विचारा, प्रेरणास्थान कसलं विचारता? गुण ज्यानं त्यानं आपापले लिहावेत, चर्चा नंतर करावी, म्हणजे विश्वस्तांच्या चेहऱ्याकडे बघून कोणाचा आकडा बदलणार नाही. पगार छापा. उमेदवाराचा नातेवाईक समितीवर असेल तर त्यानं त्या दिवशी घरी बसावं. यातलं काय परवडत नाही, सांगा बरं?

आणि ओळखीतलाच माणूस घ्यायचा असेल तर घ्या, सरळ नेमणूक करा आणि तसं लिहून मोकळे व्हा. ते परवडलं. ज्या मुलीनं एसटीला स्वतःचे पैसे घातले तिला तुमच्या नाटकातली गर्दी का करता? वर वार्षिक अहवालात ‘वंचितांना संधी’ छापायचं. लाज वाटायला हवी. कंपन्या नफ्यासाठी असं करतात म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो, तुम्ही कशासाठी करता?

निकाल तिला अजून कोणी कळवलेला नाही. ‘निवड झाली नाही’ एवढे तीन शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला किती वेळ लागतो? वाढदिवसाचे केक तर ग्रुपवर रोज टाकता. तिला आज कळवा, का नाही घेतलं ते खरं सांगा आणि जाण्यायेण्याचा खर्च पाठवा. ते नॉर्मलाइज केलेलं पत्रक मला दोनदा मेल करून झालंय, तिसऱ्यांदा करू नका. मूळ आकडे असलेला कागद पाठवा, त्यावर सही करते.