प्रिंटर चोर निघाला!

‘इंटरनेट कंपन्यांनाच गाण्यांची चोरी पकडू द्या’ असं बजावणारा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. माझ्या मावसबहिणीनेही तो पुढे पाठवला, वर ‘शंभर टक्के सहमत’ असा शेरा मारून. ती गाणं शिकवते, तिची चीड मला कळते. पण मेसेजमधला एकेक मुद्दा वाचून डोकं फिरलं.

‘आयपी पत्ता म्हणजे चोराच्या घरचा पत्ता. कंपनीने नाव दिलं की काम फत्ते.’

सगळ्यात वाह्यात आणि सगळ्यात घातक मुद्दा हाच. आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवर जोडणीला मिळणारा क्रमांक, माणसाचं नाव नव्हे. २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी बिटटोरंटवर, म्हणजे लोक एकमेकांकडून थेट फाइली घेतात त्या पद्धतीवर, पाळत ठेवणारे लोक चोर कसा ठरवतात ते तपासलं. फाइल खरंच उतरवली का, हे बघण्याची तसदीही अनेकदा कुणी घेत नव्हतं. ट्रॅकरच्या, म्हणजे कोण कोणती फाइल वाटतंय याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरच्या, यादीत पत्ता दिसला की नोटीस रवाना. मग संशोधकांनी त्या यादीत मुद्दाम भलत्याच यंत्रांचे पत्ते घुसवले, आणि कॉपीराइटभंगाच्या नोटिसा चक्क प्रिंटरच्या पत्त्यावर आल्या. प्रिंटर! ज्याला साधा कागद धड ओढता येत नाही, तो म्हणे फाइली चोरतो. उद्या या मेसेजवाल्यांच्या हातात कारभार गेला तर त्या प्रिंटरचंही कनेक्शन तोडतील.

बरं, पत्ता खरा निघाला तरी माणूस सापडतो का? आयपीव्ही४ या पत्तापद्धतीत पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. ते पुरत नाहीत म्हणून कित्येक कंपन्या एकच पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना वापरायला देतात. आणि एकाच घरापर्यंत पोचलात तरी घरात माणसं चार असतात. फ्रान्समध्ये अशाच पाळतीच्या कायद्याखाली २०१२ मध्ये पहिल्यांदा एकाला १५० युरो दंड झाला. गाणी उतरवली होती बायकोने. दंड भरायचा नवऱ्याने, कारण कनेक्शन त्याच्या नावावर आणि ते त्याने ‘सुरक्षित’ ठेवलं नाही.

‘कंपनी फक्त गाणी तपासेल, बाकी काही बघणार नाही.’

गाणं कोणतं आणि पत्र कोणतं, हे न बघता कळणार कसं? बेल्जियममधल्या साबाम या कलाकारांचे कॉपीराइट सांभाळणाऱ्या संस्थेने स्कार्लेट या इंटरनेट कंपनीकडे असंच गाळणयंत्र मागितलं होतं. २४ नोव्हेंबर २०११ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ते नाकारलं. सगळ्या ग्राहकांची सगळी वाहतूक, कायमची, कंपनीच्या खर्चाने तपासायला लावता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. ग्राहकांच्या खासगी माहितीला आणि माहिती मिळवण्याच्या स्वातंत्र्याला त्याने धक्का बसतो. शिवाय असं यंत्र कायदेशीर आणि बेकायदा यांत गल्लत करून कायदेशीर मजकूरही अडवू शकतं, हेही निकालात आहे. हा निकाल कलाकारांच्या विरोधात गेला, असं कुणी सांगितलं तर त्यांना तो आधी वाचायला सांगा.

‘ज्याने काही केलं नाही त्याला कसली भीती?’ त्या प्रिंटरने काय केलं होतं?

‘नाव द्यायला कोर्टकचेरी कशाला?’ अमेरिकेत ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने हेच करून पाहिलं होतं: दावा न लावता, न्यायाधीशाने न तपासता, कोर्टाच्या क्लार्ककडून समन्स काढून व्हेरायझन या इंटरनेट कंपनीकडे ग्राहकांची नावं मागायची. २००३ मध्ये अपील न्यायालयाने तो रस्ता बंद केला.

‘कनेक्शन तोडा, चोरी एका दिवसात बंद.’ फ्रान्सने २००९ मध्ये कायदा केला, २०१३ मध्ये कनेक्शन तोडण्याची शिक्षा स्वतःच रद्द केली. अमेरिकेतल्या कंपन्यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली, संशयित ग्राहकाला एकामागून एक सहा इशारे द्यायची पद्धत २०१७ च्या सुरुवातीला गुंडाळली.

एक मात्र मान्य करावं लागतं, नाइलाजाने का होईना. फुकटच्या फाइलींनी संगीताच्या धंद्याचं नुकसान केलं, आणि ते फक्त बड्या कंपन्यांचं नव्हतं. पण २०१५ पासून जगभरातलं ध्वनिमुद्रित संगीताचं उत्पन्न पुन्हा वाढू लागलं ते मुख्यतः पैसे भरून ऐकायची सोपी सोय झाल्यामुळे. त्यातला किती वाटा गाणाऱ्याच्या हातात पडतो, यावर मेसेज लिहा, मीही पुढे पाठवीन. चोरीचा धंदा मांडून बसलेल्या साइटवर पुराव्यानिशी खटले भरा, त्यालाही माझी ना नाही. त्यासाठी माझ्या कनेक्शनवर पहारा बसवावा लागत नाही.