सहासष्ट 'हो' आणि वकिलांचा जल्लोष

'बाजारात कापडी पिशवी नेता का?' या सर्व्हेवरनं काल कट्टा पेटला. वकील आल्याआल्याच ओरडले, "मागच्या वर्षी शंभरात ६० 'हो', यंदा ६६! जनजागृती झाली, सिद्ध झालं!" वकिलांचं सगळं पहिल्या वाक्यातच सिद्ध होतं, मग पुरावा शोधतात.

ताई शांतपणे म्हणाली, "लोक तेच होते का?"

"नाही, दुसरे शंभर."

"मग काहीच बदललं नसेल, खरं प्रमाण ६० टक्केच असेल, तरी नुसत्या योगायोगानं ६६ किंवा जास्त 'हो' यायची शक्यता साधारण १३ टक्के आहे. एन म्हणजे माणसं १००, पी म्हणजे 'हो'चं प्रमाण ०.६; एन गुणिले पी गुणिले एक वजा पी, म्हणजे २४, त्याचं वर्गमूळ ४.९. इतकं इकडे तिकडे होणारच, त्यात मागच्या वर्षीचे ६० पण नमुन्यातलेच, तेही हलतात."

"आकड्यांचा खेळ!" वकील.

"आकडा घेऊन तुम्हीच आलात ना?"

दादा म्हणाला मग पुढच्या वेळी हजार लोक घेऊ. घ्या की, पण अंदाजातली चूक निम्मी करायलाच चौपट माणसं लागतात, आणि ताईच्या त्या हिशेबाला, म्हणजे बायनॉमियलला, प्रत्येकाचं उत्तर स्वतंत्र हवं. यांनी एकेका घरातल्या चौघांना एकत्र बसवून विचारलंय, बापानं 'हो' म्हटल्यावर पोरगं काय 'नाही' म्हणणार? कागदावर चार उत्तरं, माहिती जेमतेम एकाची. मला हे योगायोगापेक्षा मोठं दुखणं वाटतं.

"आणि जे खोटंच 'हो' म्हणतात ते?" दादानं विचारलं.

"त्याला हे सूत्र काही करू शकत नाही," ताई म्हणाली, "प्रश्नच उलटा विचारावा लागतो, 'प्लॅस्टिकची पिशवी घेता का?' असा. वॉर्नर नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेचा सोपा अवतार सांगते. प्रत्येकानं गुपचूप नाणं उडवायचं, छापा आला तर डोळे मिटून 'हो', काटा आला तर खरं उत्तर. २०० जणांत १३० 'हो' आले तर अंदाजे १०० छाप्याचे, उरलेल्या शंभरात ३० खरे. कुणाचं 'हो' खरं आणि कुणाचं छाप्याचं ते कुणालाच कळत नाही म्हणून माणूस लाजत नाही. आकडा मात्र जास्त हलतो, ती किंमत मोजायची."

"आमच्यात कोण खोटं बोलतंय?" वकील उसळले.

"सहलीला 'नक्की येतो' म्हणून दरवर्षी नाव देता ते?" दादा म्हणाला.

"तेव्हा छापा आला असेल!" ताई म्हणाली आणि वकिलांसकट सगळे असे हसत सुटले की सर्व्हेचा कागद कुणाकडे राहिला तेही कळलं नाही.