आधी सही, मग बाँड

आज दुपारी एका प्रादेशिक विमान कंपनीच्या एचआर विभागातून माझ्या वैमानिकाच्या नोकरीसाठी फोन आला. बाँडचा, म्हणजे ठरावीक वर्षे नोकरी न सोडण्याच्या कराराचा मसुदा रुजू होण्याच्या दिवशीच दाखवला जाईल, होकार मात्र उद्या संध्याकाळपर्यंत कळवावा, असे मला अत्यंत गोड आवाजात सांगण्यात आले. बाँड किती वर्षांचा, मुदतीआधी सोडल्यास किती लाख भरायचे, टाइप रेटिंगचा (विशिष्ट जातीचे विमान चालवण्याच्या परवान्याचा) खर्च आधी घेणार की पगारातून कापणार, प्रशिक्षणाच्या काळात पगार असतो की नसतो, यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. बेस, म्हणजे नेमणुकीचे शहर, विचारला तर "कंपनीच्या गरजेनुसार", आणि महिन्याला किती तास उड्डाण मिळेल असे विचारले तर "सर, आपण सगळे एक कुटुंबच आहोत". माझ्या कुटुंबाने अजून तरी माझ्याकडून न वाचलेल्या कागदावर सही घेतलेली नाही! मसुद्यासाठी ईमेल पाठवला, तर रद्द केलेला धनादेश जोडण्याची सूचना उलट टपाली आली.

चेकलिस्टची एक ओळ गाळली तर आमची खरडपट्टी काढणारे हेच लोक! वर 2017 च्या सरकारी नियमाने नोकरी सोडताना सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कमांडरला, म्हणजे कॅप्टनला, वर्षभराची नोटीस बंधनकारक आहे; कंपनीला मात्र बंद पडायला एक रात्र पुरते, हे 2019 मध्ये जेट एअरवेजच्या आणि 2023 मध्ये गो फर्स्टच्या वैमानिकांना विचारावे. एवढा स्वाभिमान अंगात असूनही फोन ठेवताना मी "थँक्यू मॅडम" म्हणालो, तेही खुर्चीतून उठून.

विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पडेपर्यंत सोलापुरात विमान येणे नाही, असे ठणकावणारे आमचे काका, 2025 मध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोवा आणि मुंबईची विमाने सुरू झाल्यापासून, "इथून उडणाऱ्या कंपनीत लाग, जेवायला घरी येशील" म्हणतात. एटीआर या पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानाचे नाव काढले की "पंख्याचं? मोठं नाही मिळालं?" एटीआरवर कॅप्टनची खुर्ची तुलनेने लवकर मिळते, पण पुढे मोठ्या जेट विमानावर जायचे तर नवे टाइप रेटिंग आणि पुन्हा लाखांचा खर्च, हे त्यांना समजावणे मी सोडले आहे. काल त्यांनी बँकेच्या भरतीची जाहिरात पाठवली. तीत बाँडची रक्कम आणि मुदत स्वच्छ छापलेली पाहून माझे डोके आणखीच फिरले.