एन्काउंटरनंतरचा पहिला प्रश्न: एफआयआर कोणावर झाला?

एन्काउंटरची बातमी आली की अर्ध्या तासात इथे निकाल लागतो. कोणी पेढे वाटतं, कोणी 'बनावट' म्हणून मोकळं होतं. एफआयआर कोणावर झाला, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं.

बहुतेकदा तो मेलेल्यावरच असतो. पोलीस फिर्यादी, मृत आरोपी, गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचा. आरोपी हयात नाही म्हणून न्यायालयाला 'अबेट समरी' (आरोपीच्या मृत्यूमुळे प्रकरण संपल्याचा अहवाल) पाठवायची, की फाइल बंद. गोळी झाडणाऱ्याने काय केलं, हा तपासाचा विषयच होत नाही. स्वसंरक्षण हा बचाव आहे. तो पुराव्याने दाखवायचा असतो, फिर्यादीतच गृहीत धरायचा नसतो.

मुंबईतल्या १९९५ ते ९७ मधल्या एन्काउंटरांवरून 'पीयूसीएल (मानवी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र' हा खटला उभा राहिला. २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात १६ निर्देश दिले. खबर मिळाली तर आधी लेखी नोंद. तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे, देखरेखीला एन्काउंटर करणाऱ्या पथकप्रमुखापेक्षा किमान एक दर्जा वरचा अधिकारी. शवविच्छेदन दोन डॉक्टरांकडून, चित्रीकरणासह. झाडलेली शस्त्रं जमा. शौर्य निर्विवाद सिद्ध होईपर्यंत बक्षीस नाही. (हारतुऱ्यांबद्दल न्यायालय बोललेलं नाही, त्याचा फायदा सगळेच घेतात.)

पुरावा नासतो तो पहिल्या काही तासांत. मृताने गोळी झाडली असं म्हणणं असेल तर त्याच्या हातांवर कागदी पिशव्या बांधायला हव्यात. प्लास्टिकमध्ये ओल धरते. हात धुतले, पुसले की बंदुकीच्या दारूचे कण गेले. कपडे सावलीत वाळवून कागदातच सीलबंद करायचे, कारण किती अंतरावरून गोळी लागली हे जखमेभोवतीची काजळी आणि कपड्यावरचे कण सांगतात. पिस्तूल पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं रिकामं आवरण) बाहेर फेकतं, रिव्हॉल्व्हरची आतच राहते. बंद गाडीत पिस्तूल चाललं तर पुंगळ्या गाडीतच मिळायला हव्यात. शस्त्रागारातून दिलेल्या राउंड (काडतुसं) वजा उरलेल्या राउंड, हा हिशेब पुंगळ्यांशी जुळतो का? पंचनाम्यात हे आकडे नसतील तर नंतरची चौकशी तोंडी जबाबांवरच चालते.

बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी मुंब्र्याजवळ पोलीस गाडीत मारला गेला तो दिवस २३ सप्टेंबर २०२४, म्हणजे त्या निकालाला नेमकी दहा वर्षं. त्याच्यावरचे आरोप भयंकर होते, आणि म्हणूनच ते न्यायालयात सिद्ध व्हायला हवे होते. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पाच पोलिसांना जबाबदार धरलं. तरी गुन्हा नोंदला गेला नाही, एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाला तसा आदेश द्यावा लागला. दहा वर्षं जुना नियम पाळायला दर वेळी याचिका का लागावी?

नातेवाईक निर्देशभंगाची तक्रार सत्र न्यायाधीशांकडे करू शकतात. ती करताना स्टेशन डायरी, वायरलेस नोंदी, गाडीचा जीपीएस, पोलिसांच्या मोबाइलचं लोकेशन आणि वाटेतलं सीसीटीव्ही जतन करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. दुकानांचं फुटेज काही दिवसांतच पुसलं जातं.

मुंबईतल्या लखनभैया बनावट एन्काउंटर प्रकरणात, नोव्हेंबर २००६ मध्ये, पोलिसांनी लखनभैयाला उचलून नेल्याचं कळताच त्याच्या वकील भावाने वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. संध्याकाळच्या 'चकमकी'आधीची वेळ त्या तारा-फॅक्सवर नोंदली गेली होती. पोलिसांच्या जन्मठेपेवर उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब झालं मार्च २०२४ मध्ये.